पडद्यावरचा मामा

प्रिय नंदूमामा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची दोन फाडली, हेही पाठवेन असं वाटत नाही. एका जागी बसवतच नाही मला. उठते, खिडकीशी जाते, परत येते.

त्या रविवारी आमच्या कांजूरमार्गच्या बिल्डिंगमधली चार वर्षांची रेवती हरवली होती. आम्ही सगळे खाली तिला शोधत होतो. तेवढ्यात तू गेटमधून आलास, रडणारी रेवती खांद्यावर घेऊन.

"धरा त्याला!" असं पहिल्यांदा मी ओरडले, मामा.

माणसं तुझ्यावर तुटून पडली. मग मला तुझा चेहरा नीट दिसला आणि मी मध्ये घुसले, "अहो, मामा आहे तो माझा!" रेवतीही रडत म्हणाली, "आजोबांनी मला रस्त्यावरून आणलं." तोवर तुझा हात मोडला होता.

तीस वर्षं तू अंधेरीच्या स्टुडिओत गुंड म्हणून उभा राहिलास. कॅमेऱ्यासमोर पोरं पळवलीस, हिरोचा मार खाल्लास. लहानपणी तुझ्याच मांडीवर बसून मी ते सिनेमे पाहिले आणि तुलाच घाबरून तुझ्या कुशीत तोंड लपवलं. त्या दिवशी गेटात मला आधी तो गुंड दिसला.

काल कुडाळहून फोनवर म्हणालास, "श्वेता, त्या गर्दीत माझं म्हणावं असं तूच एकटी होतीस गो."

मी विचारलं, "हात अजून दुखतो का रे?"

खरं बोलायची हिंमत न झालेली तुझी भाची,
श्वेता