माती बसते

दादा, गेल्या आठवड्यात नारायणगावात एका शेठजींच्या दारातून मी मातीची भरलेली ट्रॉली परत पाठवली. तुम्ही असता तर भर रस्त्यात माझ्या नावानं शंख केला असता. भरलेली ट्रॉली कोण परत धाडतं, माती काय नासते का, हे सगळं मला तुमच्याच आवाजात ऐकू आलं, आणि तरीही मी ड्रायव्हरला म्हटलं, वळव. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आपल्याकडे मातीचा विषय निघाला की लोक अजून तुमचंच नाव पुढे करतात. म्हणून हे लिहायला बसलेय. आज मला माझ्या बापाशी भांडायचंय, आणि मधेच उठून तुम्ही ट्रॅक्टर चालू करायला जाऊ शकत नाही, हे एक बरं आहे.

तुमचा अंदाज म्हणजे काय होता हो? जागेभोवती एक फेरी मारायची, टाचेनं जमीन उकरायची, डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, आठ ब्रास. शंभर घनफुटांचा एक ब्रास, पण तुम्ही कधी लांबी-रुंदी-खोली धरून तो मोजला नाहीत. ट्रॉलीवर शीग चढली की झाला ब्रास. वाटेतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर ती शीग थोडी थोडी सांडायची, तरी तो ब्रासच. आणि वर एक ट्रॉली जादा. "कमी पडली तं लोकं हसत्यात, जास्त झाली तं कोन हसतंय?" हे तुमचं ठरलेलं. शेतात गाळ टाकताना ते खपून जायचं, शेत कितीही माती पोटात घेतं. बाग घेत नाही. बागेला कडा असतात, फरशी असते, घराचं जोतं असतं. माती जास्त झाली की पावसाचं पाणी थेट घरात. हे सांगायला आले की तुम्ही म्हणायचात, "पोरी, माती हाताला कळती, टेपाला न्हाई."

जुन्नरच्या रस्त्यावरचा तो बंगला तुम्ही विसरला असाल. मी नाही. शेतकीचा डिप्लोमा करून आले होते आणि माझं ते पहिलं काम. चाळीस बाय पंचवीसची जागा, नऊ इंच माती. मी साडेसात ब्रास काढले. तुम्ही माझा आकडा पाहिलात, मान हलवलीत आणि तेवढीच माती आणून टाकलीत, एक पाटीसुद्धा जादा नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा! संध्याकाळी पाणी मारलं, आणि सकाळी बघतो तर सगळी माती चार बोटं खाली. कडेच्या विटा उघड्या पडलेल्या. बंगल्याचे मालक उभे, त्यांची बायको उभी, पाट्या घेऊन कामाला आलेल्या बाया उभ्या. त्या सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "माती बसती, एवढं ठावं न्हाई, आन् बाग कराया निगाली. त्यापरीस तू घरी बस." बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

दादा, माझं गणित चुकलं नव्हतं. साडेसात ब्रास तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहेत. ट्रॉलीत माती सैल असते, तिच्यात हवा असते, पाणी पडलं की ती दबून खाली जाते. हे तुम्हाला आदल्या दिवशी माहीत होतं. एक शब्द सांगितला असता तर काम झालं असतं. बसते, बास. तो शब्द तुम्ही राखून ठेवलात, दुसऱ्या दिवशी चारचौघांत फेकून मारायला. आई म्हणायची, त्यांची शिकवायची तऱ्हाच तशी. असेल. मी त्याला शिकवणं म्हणत नाही, आणि तुम्ही नाहीत म्हणून आता म्हणायला लागेन असंही नाही.

त्याच दिवशी घरी आल्यावर मी आईचा पिठाचा डबा रिकामा करून ओट्यावर घेतला. त्यात नदीकाठचा गाळ, पोयटा भरला, काठाला कुंकवाची रेघ मारली आणि तांब्यानं पाणी सोडलं. मग तांबडी माती. मग शेणखत मिसळलेली. आई एका बाजूनं भाकरी थापत होती आणि दुसऱ्या बाजूनं मला बोलत होती. "आगं, पिठाच्या डब्यात माती? आवदसा आठवली का तुला?" तुम्ही दारात उभे होतात. शेणखताची माती कुंकवाच्या रेघेखाली सगळ्यात जास्त गेली, आणि ते कुजेल तशी अजून जाईल, हे मला त्या डब्यानं सांगितलं, तुम्ही नाही. तुम्ही त्या रेघेकडे बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "डबा फुकट घालवला." मला वाटलं होतं, आता तरी काही बोलाल.

तर शेठजींचं सांगत होते. राजस्थानातून पिढ्यांपूर्वी इथे आलेलं व्यापारी घर, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. त्यांच्या आईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या घरातच अडकून पडल्यात. दारापुढच्या ओट्यावरून एक पाऊल टाकलं की हिरवळीवर, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणजे माती ओट्याच्या दोन बोटं खाली यायला हवी. खोल गेली तर म्हातारीचा पाय फसणार, वर राहिली तर पाणी घरात. मी माप घेतलं, बसण्यासाठी पावपट जादा धरली आणि तेवढी टाकली. ती ओट्याच्याही वर आली. शेठजींचा चेहरा उतरला. "ताई, आईंचा पाय अडखळायचा हो." आणि ड्रायव्हर, तुमच्याच हाताखाली तयार झालेला तो, त्यांना धीर देतोय, "शेठ, बसती ती. मी तं म्हन्तो आजून एक टाकू. दादांचा हिशोब तसाच व्हता, लई वर्सं बघितलंय आमी." त्यानं ट्रॉली आणलीसुद्धा होती, मला न विचारता.

मी म्हटलं, "माती बसते हे दादांना माहीत होतं. किती बसते ते मला माहीत आहे. वळव ट्रॉली." शेठजींना म्हटलं, रोज हलकं पाणी मारा, आईंना इतक्यात उतरवू नका. चुकलं तर मी स्वतः पाटी डोक्यावर घेऊन येईन. बोलून तर गेले. पण सगळा आठवडा तोच हिशोब पुन्हा पुन्हा मांडून बघत होते, तुमच्यापासून काय लपवायचं. माती दोन बोटांपेक्षा खाली गेली असती तर उद्यापासून आख्ख्या बाजारात एकच वाक्य फिरलं असतं, त्यापेक्षा घरी बसली असती.

आज सकाळी गेले. ओट्याच्या कडेला बोटं लावली. दोन. हिरवळ लावायची अजून बाकी होती, तरी शेठजींनी आईंचा दंड धरला, त्यांनी काठी पुढे टेकली, पाऊल टाकलं, आणि दुसरं टाकलं. मग मागे वळून म्हणाल्या, "उभी काय करता मला? खुर्ची आणा, मी बसते." मी तोंड फिरवून डोळे पुसले. तेवढ्यात ड्रायव्हर म्हणतो, "ताई, तुमी आगदी दादांवर गेल्या." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गुमान गाडीत जाऊन बसला. मी कुणावर गेलेले नाही. मी टेप लावून इथवर आलेय.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. तुमची राख नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यात घालायची आणि वर आंबा लावायचा, हे तुम्हीच सांगून ठेवलं होतं. खड्डा भरायला भाऊ मला म्हणाला, तू सांग किती माती लागंल, तुझं काम ते. टेप माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला नाही. खड्ड्याभोवती एक फेरी मारली, टाचेनं जमीन उकरली, डोळे बारीक केले. शीग लावून माती भरून घेतली, आणि सगळे घराकडे वळल्यावर वर एक पाटी जादा टाकली.