पापड घालायची जागा

पेण,
२१ एप्रिल २०२५

चि. मितेश यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण घरातलं काम सोडेल तर शपथ. ऊन मरणाचं आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. पत्र तरी कट करता येत नाही.

तू आखलेल्या इमारतीत माझी मैत्रीण प्रणिता नवव्या मजल्यावर राहायला गेली. परवा तिच्याकडे चहा घेऊन आले. घर छान आहे, वारा येतो. तेव्हा ‘ताईला इमारतीच खुपतात’ असं बायकोला सांगत बसू नकोस. लोकांना घरं हवीतच.

माझा राग आहे तो खालच्या मैदानावरून. मैदान सगळ्यांना मोकळं ठेवू, या बोलीवर बिल्डरला वरचे मजले वाढवून मिळाले. आळीच्या बैठकीत हे तूच उभं राहून सांगितलंस आणि आईने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. आता तिथे हिरवळ आहे, तिच्यावर पाय ठेवायचा नाही. कारंजं आहे, पोरांनी जवळ जायचं नाही. बसायला ओटे आहेत, पण झाड एकही ठेवलं नाहीस, दुपारी तिथे बसणार कोण? फाटकावर वॉचमन नाव विचारतो. ज्यांनी तिथे होळी पेटवली, पापड वाळवले, त्यांना.

गेल्या मंगळवारी आळीतल्या बायका पापड घेऊन गेल्याच. मोकळं म्हणजे मोकळं, एवढंच त्यांना कळतं. ओट्यांवर जुन्या साड्या पसरून पापड घातले. वॉचमन ओरडत आला तेव्हा आई पुढे झाली.

“माज्या पोरानं काडलाय ह्याचा नकाशा. त्याला इचार, तो नको नाय म्हननार.”

त्याने स्पीकरवर तुला फोन लावला. “साहेब, एक म्हातारी बोलते, ती तुमची आई हाय.”

तू म्हणालास, “कोणी का असेना, उचलायला लावा.”

मी तिथेच होते, मितेश.

ओले पापड गोळा करताना एकमेकांना चिकटून फुकट गेले. त्याचं काही नाही. वाटेत धोंडुबाईने विचारलं, “हौसा, मितेशच ना गो तो?”

“नाय गो,” आई म्हणाली. “माजा मितेश असा नाय बोलत. हापिसातला कोन तरी आसंल.”

तुझा आवाज त्या बायका तू शेंबडा होतास तेव्हापासून ओळखतात. त्या दिवसापासून आई आळीत कुणाच्या दारात जात नाही. गुडघ्याचं निमित्त सांगते.

रोह्यात नदीकाठी असंच दुसरं आखतोयस, असं ऐकलं. ते राहू दे बाजूला. आधी इथे ये आणि त्या सगळ्यांच्या देखत आईला सांग, आवाज माझाच होता. ती तरीही नाही म्हणेल. तुझी लाज राखायला ती मरेपर्यंत खोटं बोलेल, आणि मला ते बघवत नाही.

उत्तर लिहू नकोस. येईपर्यंत मला ताई म्हणू नकोस.

वैशाली