सुतकाच्या पत्राला हळद

अण्णा, काल नातीनं मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेय. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटली, पण चिडायला माणूस जिवंतच लागतं असं कुठं आहे? टीव्हीवर कुठल्याशा देशातल्या माणसाची बातमी चालली होती. सरकार चोरून लोकांचे फोन ऐकतं, हे त्यानं चव्हाट्यावर आणलं आणि पळून गेला. नात म्हणाली, "अज्जी, ये हीरो है की गद्दार? तुला काय वाटते?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, तुझ्या पणजोबांना विचार. ती हसली. म्हातारीला भ्रम झाला असं वाटलं असेल तिला.

छप्पन सालाआधीची ती वर्षं आठवतात ना? राज्याचे तुकडे पडायचे होते. कोण कुठं जाणार, आपलं हैदराबाद शहर कुणाचं, याशिवाय आपल्या हिमायतनगर मोहल्ल्यात दुसरा विषय नव्हता. बेगम बाजारातला किराणावाला आईला थट्टेनं म्हणायचा, "बाई, गठरी बांध लिए क्या?" आणि आई घरी येऊन खरंच रडायची. तुम्ही सरकारी कचेरीत तर्जुमा करता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कशाचा तर्जुमा, हे तुम्ही आईलासुद्धा दोन वर्षं सांगितलं नव्हतं. किटलीच्या वाफेवर लोकांची मराठी पाकिटं उघडायची, आतलं वाचून साहेबांसाठी इंग्रजीत उतरवायचं, डिंक लावून पाकीट पुन्हा टपालात सोडायचं, हे तुमचं काम. कोण सभा भरवतो, कोण कुणाला भेटतो, सगळं तुमच्या सुंदर अक्षरात वर जायचं.

मग एका रविवारी तुम्ही पानावर बसलात आणि घास हातात धरून आईला सगळं सांगून टाकलंत. मी चुलीपाशी शेंगा निवडतेय. आई वाढता वाढता थांबलीय. तुम्ही म्हणता, "मास्तरांची सगळी पत्रं माझ्या हातून जातात गं. संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर बसून चहा पितो मी." मास्तर म्हणजे आपल्या शेजारचे, मराठी शाळेतले, मला फुकट गणित शिकवणारे. आईनं भाताचं पातेलं आदळलं. "लोकांच्या लेकीसुनांची पत्रं वाचलीत दोन वर्षं, तेव्हा नाही लाज वाटली?" तुम्ही हातातला घास पानात ठेवलात. नंतर हळूच म्हणालात, "आज पत्रं उघडायच्या यादीत तुझ्या भावाचं नाव आलंय."

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकते, अण्णा. नऊ वर्षांची असताना नाही चुकचुकली, पण पुढं आयुष्यभर चुकचुकत राहिली. मामाचं नाव आलं नसतं, तर तुम्ही तोंड उघडलं असतं का? तुमच्या शोकसभेत लोकांनी तुम्हाला निधड्या छातीचा माणूस म्हटलं. काका मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, "खाल्ल्या मिठाला जागला नाही." मला दोघांचंही पटत नाही. परक्याच्या घराला दोन वर्षं लागलेली आग तुम्ही बघत बसलात आणि आपल्या परसापर्यंत आल्यावर पाण्याला धावलात. पण धावलात, हेही खरं. नोकरी जाईल, बेड्या पडतील, हे ठाऊक असून धावलात.

तुमची युक्ती मात्र झकास होती, एवढं कबूल करते. मास्तरांना आणि यादीतल्या, मामाचं धरून, आणखी तीन घरांना तुम्ही सांगितलंत, की पाकीट चिकटवायच्या खळीत चिमूटभर हळद घाला. वाफ लागली की हळद पाघळणार, कागदावर पिवळा डाग उमटणार आणि पत्र ज्याला मिळेल त्याला कळणार की वाटेत कुणीतरी वाचलंय. आपल्या लोकांच्या पत्राला हळदकुंकू लागलेलंच असतं, कचेरीत कोण संशय घेणार? मला तुम्ही बजावलं होतंत, "मास्तरांचं एकही पाकीट हळदीशिवाय जायला नको." खळीची वाटी आपल्याच स्वयंपाकघरात असायची, म्हणून मास्तर पाकिटं माझ्याकडे द्यायचे.

चारएक महिने सुरळीत गेले. मग एका दुपारी तुम्ही भर कामाच्या वेळेला घरी आलात आणि चपला न काढता माजघरात उभे राहिलात. कचेरीतल्या तुमच्या खोलीवरचे वयस्कर साहेब, ज्यांना तुम्ही फार मानायचात, त्यांनी एक पाकीट तुमच्यापुढं ठेवलं होतं. मास्तरांची आई वारली होती, त्याचं नांदेडला भावाला लिहिलेलं पत्र. कोपरा रीतीप्रमाणे फाडलेला आणि पाकिटावर पिवळाधमक डाग. साहेबांची उमर मराठवाड्यात गेलेली, आपल्या रीती त्यांना तुमच्याइतक्याच ठाऊक. ते म्हणाले, "क्या पंडितजी, मय्यत की चिठ्ठी को हल्दी? तुमारे लोगां में ये कबसे?" मग त्यांनी अजून टपालात न सोडलेली पाकिटं काढून बघितली. चारही घरांची पिवळी. ती पाकिटं टपालाच्या गठ्ठ्यात सारून म्हणाले, "इस्तिफा लिख को देव. मैं कुछ नै देख्या." तुम्ही राजीनामा दिलात आणि ती हळद त्यांनी वर कळवली नाही, म्हणून तुम्ही तुरुंगाबाहेर राहिलात. त्यांना काय म्हणायचं अण्णा, हीरो की गद्दार?

तुम्ही सगळा राग मास्तरांवर काढलात. "सुतकात हळद? सुतकाचं पाकीट आपल्या घरात कुठलं येतंय, त्यानं स्वतःच चिकटवलं असणार. एवढा शिकलेला माणूस! मुद्दाम केलं त्यानं, मला पकडून देऊन स्वतःची सुटका करून घ्यायला." आई म्हणाली, असं नका बोलू. तुम्ही ऐकलं नाहीत. पुढची पंधरा वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलात आणि त्यांच्या ओट्याकडे बघितलं नाहीत. ते गेले तेव्हा खांदा द्यायलासुद्धा गेला नाहीत.

ते पाकीट मी चिकटवलं होतं, अण्णा. मास्तर सुतकात होते, दारातूनच म्हणाले, "बेटा, एवढं टपालात टाक." मी वाटीतली खळ लावली, तुम्ही सांगितलं होतंत तशी. मास्तरांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही त्यांना ओट्यावर उभं राहून वाट्टेल ते बोललात, तेव्हा मी आईच्या पदराआड होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तुम्हाला म्हणाले, "चुकलं माझं." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मला गणिताला बोलावलं, मी गेले नाही.

हे पत्र मी टेबलावर उघडंच ठेवणार आहे. या घरात मराठी वाचणारी आता मी एकटीच, कुणापासून लपवायचं? पण एक राहिलं. मी घाबरून गप्प बसले असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. तसं नव्हतं. तुम्ही माझ्यावर नाही, मास्तरांवर ओरडत होतात, याचं मला बरं वाटत होतं.