अकरा क्रमांकाची रेघ

जालना, ४ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझ्या संशोधनातल्या निरोगी बायकांच्या गटात साठीनंतर माझी भरती झाली, याची तुझ्या काकांना भारी गंमत वाटते. ते आपल्या बियाण्याच्या कारखान्यात सांगून आले, बायकोचं डोकं पुण्याला तपासून आणलं, आत काहीतरी निघालंय म्हणे.

दीड तास त्या मशीनमध्ये न हलता पडून राहिले. मिशनच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी एकटीच चुळबुळायचे. यावेळी तिथल्या सिस्टरनी पाठ थोपटली असती. आत जाण्याआधी टोचलेल्या त्या सुईतल्या औषधाचं पुढे काय होतं, ते मात्र लिही. आल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

आठवण ठेव, तेवढ्यानं पोट भरतं.
तुझी प्रभामावशी

पुणे, १७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
आकांक्षाचा सा. न. वि. वि.

तुझं अक्षर इतकं बारीक कशानं झालं? शेवटच्या ओळींना भिंग लावलं. कागद वाचवतेस का?

ते औषध रक्तातून मेंदूत जातं. कुठे चिकटतं, कुठून धुऊन जातं. मशीन दीड तास चित्रं काढत राहतं आणि प्रत्येक जागेतल्या औषधाचा चढउतार मी एका रेघेत मांडते. लहान मेंदूत औषध टिकत नाही, म्हणून त्याच्या रेघेशी बाकीच्या ताडून बघते. किती चिकटलं, त्याचा आकडा निघतो. हात थरथर कापण्याच्या आजारात, म्हणजे कंपवातात, तो घसरतो.

घोळ एकाच रेघेचा आहे. निरोगी गटातली अकरा क्रमांकाची बाई. मेंदूच्या डाव्या बाजूची रेघ पार खाली. नावं मला दिसत नाहीत. सर म्हणतात, हलली असेल, चूक म्हणून काढून टाक. काढली तर दोन गटांतला फरक स्वच्छ दिसतो, ठेवली तर धूसर होतो. पण डोकं हलल्याची खूण मला सापडत नाही. कशातच लक्ष लागत नाही.

रागावलीस तरी लिहीत जा.
तुझी आकांक्षा

जालना, २२ फेब्रुवारी

चि. आकांक्षास आशीर्वाद.

ती बाई हलली नव्हती. माझ्या मनगटावरच्या पट्टीवर अकराचाच आकडा होता.

वर्षभर उजवा हात कापतो. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते, हे सिस्टरनीच तक्त्यावर शिकवलं होतं. अक्षर त्यानंच बारीक झालं. कागदाची काय कमी आहे बाई. फॉर्मवर हात थरथरतो का विचारलं होतं, मी 'नाही'वर खूण केली. तुला बायका मिळत नव्हत्या. आणि खरं सांगू, मशीननं निरोगी म्हटलं की आपण निरोगीच, अशी मनाची समजूत घातली होती.

काकांना काल सांगितलं. म्हणाले, दिवाळीतच ध्यानात आल्तं, तू कपबशी डाव्या हातानं उचलाय लागलीस. पण तू बोलली न्हाईस, मंग मी बी विचारलं न्हाई.

माझी रेघ निरोगी बायकांतून काढ. पण हलले म्हणून नको. खोटं लिहिलं म्हणून काढ.

तुझीच, आता जरा जास्तच,
प्रभामावशी

पुणे, ३ मार्च

ती. मावशीस सा. न.

सरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. कारणाच्या रकान्यात तू सांगितलंस तेच लिहिलं. आकडे लगेच जागेवर बसले. सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि मला खुर्चीत बसवेना.

डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. त्याआधी शनिवारी न्यायला येते, काकांनाही चलायला सांग.

मावशी, आज मी तुझी चित्रं पुन्हा उघडली. कुठेतरी हलली असशील या आशेनं एकेक करून शोधत बसले.

येईपर्यंत सांभाळून राहा.
तुझी आकांक्षा