नकाशाला पक्का टाका

आबा, तुमी विसराळू नव्हते. लेकीनं बापाला सांगायची ही गोष्ट न्हाई, अन् तेबी बाप जाऊन अठरा वर्सं झाल्यावर. पण मला घोळ घालत बसायची सवय न्हाई, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. चुका दिसतील त्या दिसतील. तुमी जन्मभर लेकरांच्या वह्या तपासल्या, ही एक आणखी समजा.

शाळेतला कागदाचा नकाशा वाळवीनं खाल्ला, त्या सालची गोष्ट. जालना नुकता जिल्हा झाल्ता. तुमची नोकरी वर्स-दीड वर्स राह्यली होती. मी नवरा वारल्यावर आष्टीला तुमच्यापाशी परत आल्ते, वाकळा शिवून देत होते गावात. एक दिवस तुमी शाळेतून आले, टोपी खुंटीला अडकवली, चुलीपाशी पाट ओढून बसले अन् म्हणले, माय, मला जगाची वाकळ शिवून पाहिजे. मी भाकरी थापून राह्यल्ते. मी म्हणले, कामून, जगाला थंडी वाजून राह्यली का. तुमी हसले न्हाई. इतिहासाचं काही डोक्यात असलं की तुमाला हसू येत नसायचं.

मंग तुमी सांगत बसले. खाली मांजरपाट. त्याच्यावर एकेक देश, ज्याचा-त्याचा कापडाचा. अन् प्रत्येक देशावर वरतून त्याच्या मालकाचा तुकडा. इंग्रजाला तांबडा खारवा, दुकानदार वह्याला घालतात तो. फ्रेंचाला निळा, पोर्तुगीजाला हिरवा, डचाला नारंगी. बेल्जम म्हणून एक देश हाय म्हणे, आपल्या मराठवाड्याच्या निम्मा, अन् त्यानं आफ्रिकेत नकाशावर ताटाएवढा दिसंल असा मुलूख दाबून ठेवल्ता. मी म्हणले, एवढ्याशा लोकांना एवढा मुलूख कसा काय सापडला. तुमी म्हणले, सापडत न्हाई माय, आधी मिरी-लवंग विकत मागतात, मंग वखारीपुरती जागा मागतात, मंग जागेला राखण म्हणून शिपाई आणतात, अन् मंग घरमालकालाच विचारतात, तू कोण. परतूरच्या बाजारातला कापूस तिकडं जायचा अन् धोतर होऊन इकडंच विकायला यायचा, तेबी सांगितलं. मिरचीसुद्धा पोर्तुगीजांनी आणली म्हणले, तवा मात्र मी ऐकलं न्हाई. मंग त्याच्या आधी आपले लोक ठेचा कशाचा करत होते, असं विचारलं. तुमी म्हणले, भाकर करपून राह्यली ती बघ.

अन् आपला मुलूख. त्याच्यावर तुमाला दोन तुकडे पाहिजे होते. वरतून तांबडा, त्याच्या खाली निजामाचा पिवळा. तांबडा निघाला तरी पिवळा तेरा महिने राह्यला, हे लेकरांना हातानं कळलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं. तुमचं सगळं शिकणं उर्दूत झालेलं. नकाशाच्या कागदावर तुमी प्रत्येक देशाला उर्दू आकडा घातला, अन् मला ते आकडे वाचता येईनात म्हणून वर परत मराठी घातले. एवढं बारीक ध्यान होतं तुमचं.

आता मुद्द्याचं. तुमी मला म्हणले, खालचे देश पक्क्या टाक्यानं शिव, वरचे मालक नुस्त्या धावदोऱ्यानं. धावदोरा म्हंजे लांब लांब सैल टाका, पक्की शिवण मारायच्या आधी कपडा जागेवर धरायला घालतात तो. एक टोक ओढलं की सरसर निघून येतो. जो देश शिकवायचा त्या दिवशी लेकरानं दोरा ओढायचा, मालक निघाला पाहिजे, खालचा देश उघडा झाला पाहिजे. साल संपलं की परत टाचायचं, पुढच्या वर्गाला. हे चुलीपाशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना उंबऱ्यात थांबून परत सांगितलं, धावदोरा बरं का. दोन वेळा. मी दोन्ही वेळा बराबर ऐकलं.

अन् पक्का टाका घातला. सगळीकडं. दुहेरी दोऱ्यानं, बोटाच्या पेराला चार टाके.

कामून घातला हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. एक तर आमच्यात कच्च्या टाक्याची वस्तू घराबाहेर देत न्हाईत. वाकळ उसवली की वाकळीला कोणी बोलत न्हाई, शिवणारीचं नाव निघतं. मला वाटलं, गड्यामाणसाला शिवणातलं काय कळतं, आठ दिवसांत लेकरं चिंध्या करतील अन् नाव माझं जाईल. हे एक झालं, अन् हे मी कोणालाबी सांगू शकते. दुसरं असं की दोरा ओढणार होत्या आठवीच्या पोरी. मी आठवीत बसलेच न्हाई. माझ्या वक्ताला आठवी परतूरला होती, अन् तुमी म्हणले, बास झालं आता, रोज कोण नेऊन सोडणार. मास्तराची पोरगी मी. लोकांच्या पोरींना तुमी घरी जाऊन जाऊन शाळेत आणत होते. मी तांबडा खारवा अंथरत होते अन् एकेका टाक्याला ते आठवत होते. दोरा दातानं तोडताना बरं वाटत होतं. एवढंच. लई विचार केला न्हाई.

तुमी नकाशा हातात घेतला, उजेडाकडं धरला, अन् म्हणले, काय हात हाय माय तुझा. टाका तपासला न्हाई. माझ्यावर भरोसा होता.

जालन्याचे साहेब तपासणीला आले त्या दिवशी तुमी मला मुद्दाम शाळेत बोलावलं. मी वर्गाच्या दारात उभी. तुमी साहेबाला म्हणता, हे माझ्या लेकीनं शिवलं. साहेब माझ्याकडं पाहून मान हलवतात. मंग तुमी एका पोरीला उठवता, दोन वेण्यांची, काळीसावळी, अन् म्हणता, चल बाई, हिंदुस्थान मोकळा कर. ती टोक धरते, ओढते. परत ओढते. नखानं कोरून बघते. मंग वळून तुमाला म्हणते, गुरुजी, इंग्रज जाईनात.

सगळा वर्ग हसला. साहेबबी हसले. म्हणले, राहू द्या मंग गुरुजी, त्यांनाबी करमत असंल इथं. तुमी पुढं झाले अन् स्वतः ओढलं, आधी हळू, मंग जोरात, अन् भिंतीतला खिळाच निघून आला. सगळं जग टेबलावर पडलं, दौतीवर. हिंद महासागर शाईनं भिजला. मी दारातून निघून घरी आले.

तुमी आले तवा मी पीठ मळून राह्यल्ते. तुमी रागानं बोलले असते त मीबी बोलले असते, सातवीचं काढलं असतं, भांडण होऊन मोकळं झालं असतं. तुमी हळू विचारलं.

"माय, मी धावदोरा सांगितल्ता ना तुला?"

मी मान वर केली न्हाई. "न्हाई," मी म्हणले. "तुमी सांगितलंच न्हाई."

मला वाटलं आता म्हणतील, खोटं बोलू नको. तुमी म्हणले, "मंग माझ्याच ध्यानातून गेलं. माफ कर माय, उगं तुला तिथं उभं केलं."

अन् तिथून तुमी स्वतःवरचा भरोसा सोडला. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या. दूध तापवलं. कुलूप लावलं. साहेबाला अर्ज दिला. सदऱ्याच्या खिशात कागदाचे तुकडे, अन् संध्याकाळी बसून एकेक तपासणार. काहीबी सांगितलं की पाठोपाठ विचारणार, मी हे तुला आत्ताच सांगितलं का गं. ज्या माणसाला सगळ्या सल्तनती, कोणत्या जहाजावर कोण आलं अन् कोण कोणाच्या मागून गादीवर बसलं ते पुस्तक न उघडता येत होतं, तो माणूस वर्गात पुस्तक धरून वाचायला लागला. मंग तेबी सोडलं. म्हणले, मला नोकरीतून जल्दी मोकळं करा.

हेडमास्तर घरी आल्ते समजवायला. मी चहा घेऊन आले तवा ते म्हणून राह्यल्ते, गुरुजी, चार महिने त राह्यले, कामून घाई करता, एका दोऱ्यापाई कोणी नोकरी सोडतं का. तुमी म्हणले, "ज्याला कालचं ध्यानात न्हाई, त्यानं चारशे वर्सांचं काय शिकवावं."

मी कप ठेवला अन् आत गेले. एक वाक्य बोलायचं होतं. हेडमास्तरांसमोर खोटी पडंन, बाईमाणसाची अब्रू जाईल, असं काय काय मनात आलं. मंग सायकलीचा आवाज आला, ते निघून गेले.

घरी बसल्यावर तुमी नकाशा उसवायला घेतला. ओट्यावर बसून, दाढीच्या पात्यानं, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी उसवलं असतं त दोन दिवसांचं काम. तुमाला महिना लागला. मी आतून बघत होते. मदतीला आले असते त तुमी टाका जवळून दाखवला असता अन् काही विचारलं असतं, ह्या भेवानं आले न्हाई. एक दिवस म्हणले मात्र, लई मजबूत शिवलंय माय तू. त्यात टोमणा नव्हता. तुमाला टोमणा मारता येत नव्हता.

तीन वर्सं तुमी असेच काढले. मी तुमच्या चिठ्ठ्या चोरून तपासल्या, आबा. दूध तापवलं लिहिलंय त दूध तापलेलं असायचं. गोळी घेतली त घेतलेली असायची. तीन वर्सांत एकदाबी चुकले न्हाई. मला माहीत होतं, तुमाला माहीत नव्हतं. तुमी गेले ते स्वतःला खुळं समजून गेले.

आता हे आज कामून काढलं. गेल्या आठवड्यात भाऊला जालन्याच्या डॉक्टरकडं नेलं. वस्तू ठेवतो अन् सापडत न्हाईत, नावं आठवत न्हाईत. संग त्याची लेक, तुमची नात. तीबी मास्तरीण झाली. डॉक्टरनं विचारलं, घरात कोणाला होतं का असं, वडलांना? भाऊ लगेच म्हणला, आमच्या आबांना होतं, भर वर्गात कळलं. डॉक्टर माझ्याकडं वळले. शेवटपर्यंत तुमीच जवळ होत्या ना, खरंय का हे? मी हो म्हणले. डॉक्टरनं लिहून घेतलं.

परत येताना नातीनं बसमध्ये माझा हात धरला. आत्या, म्हंजे मलाबी होणार का गं? मी म्हणले, काहीतरी बोलू नको, खिडकी लाव, धूळ येऊन राह्यली. काल भाऊ सांगून राह्यल्ता, तीबी आता सगळं वहीत लिहून ठेवते.

हा कागद तिला द्यायचा म्हणूनच घेतल्ता, आबा. तिचं नाव घालून दोनदा सुरू केला अन् दोनदा फाडला. ती उलटून विचारंन, बापाशी असं कामून वागलीस, अन् मला उत्तर द्यावं लागंन. म्हणून तुमचं नाव घातलं. तुमाला लिहिणं सोपं. तुमी तवाबी माझंच खरं धरलं होतं.