कोजोकाकांची नऊ मिनिटं

२७ एप्रिल, ब्राउनश्वाइग
उडाले! एकटी! अकरा मिनिटं! मागच्या सीटवर शिकवणारी उटे नाही, तिचं ते ‘नाक खाली, मुक्ता’ नाही. ग्लायडर उतरवलं तर अख्खा क्लब रांगेत उभा. इथे जर्मनीत रीतच आहे — पहिल्यांदा एकटं उडालेल्याच्या ढुंगणावर प्रत्येकानं एक चापट मारायची. चौदा चापटा! वर काटेरी फुलांचा गुच्छ. उभ्यानंच लिहितेय. पंखांवर तीन वर्षं पीएचडी करतेय, पंख काय चीज आहे ते आज कळलं.

कोजोकाकांनी मात्र चापट मारली नाही. ते टेबलाशी बसून उड्डाणांच्या वेळा लिहितात — सत्त्याहत्तर वर्षांचे, मूळचे घानाचे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडेचनात.

४ मे
काकांना सहज विचारलं, तुम्ही कधी उडालात? तर — साठ वर्षांपूर्वी! घाना स्वतंत्र झाल्यावर राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांनी अक्राजवळ पोरांसाठी ग्लायडिंगची शाळा काढली, काका तिथले. अख्खी आफ्रिका एक करायला निघालेला माणूस, आणि त्याला पोरांना आभाळात धाडायचं सुचलं! ‘आमचं गाव वरून बघणारा गावातला पहिला माणूस मी,’ म्हणाले.

एकट्यानं उडायला चार दिवस उरले होते. तेवढ्यात लष्करानं उठाव केला, एन्क्रुमांची सत्ता गेली, शाळा बंद. पुढे काका इथे आले, चाळीस वर्षं ग्लायडर दुरुस्त केली, पण आत बसले नाहीत. का, ते सांगेनात.

६ मे
उटे म्हणते, वयाची अट नाही, डॉक्टर हो म्हणाला तर शिकवते. काकांना सांगितलं. साफ नाही म्हणाले. दोन तासांनी चष्मा पुसत आले — तो डॉक्टर बसतो कुठे?

१९ मे
डॉक्टर हो म्हणाला!!!

१३ जुलै
काकांचं चौतिसावं उड्डाण. वर गेले की गातात म्हणे. उटेला आता ते गाणं पाठ झालंय.

२४ ऑगस्ट
काका एकटे! नऊ मिनिटं! पंख धरून मी धावले, मग ग्लायडर ओढणारा दोर ताणला आणि गेले की वर! मान मोडेस्तोवर बघत राहिले. उतरल्यावर सगळ्यांनी अगदी हळू चापटा मारल्या, तर काका चिडले — नीट मारा! हसून हसून पोट दुखतंय.

म्हटलं, आज एन्क्रुमा बघायला हवे होते. काका उठून आपल्या टेबलाशी वेळा लिहायला गेले.

२५ ऑगस्ट
काका आज माझ्या इन्स्टिट्यूटच्या दारात उभे. आत आले नाहीत.

“इतकी वर्षं का उडालो नाही, विचारत होतीस ना? माझे वडील मास्तर होते, विरोधी पक्षाचे. एन्क्रुमांच्याच सरकारनं त्यांना खटला न चालवता तुरुंगात टाकलं. तीन वर्षं. उठाव झाला, माझी शाळा बंद झाली, आणि वडील सुटले. ते घरी आले तेव्हा मी शाळेसाठी रडत होतो. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठी.”