फिनबारचा चौथा निरोपसमारंभ

बॅलीकोर,
गुरुवार, दुपार

ती. गोबनेट वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मी घालू शकते, माझे गुडघे जागच्या जागी आहेत. तुमच्या भावाचा नमस्कार मात्र उभ्यानेच गोड मानून घ्या. ते एकदा खाली वाकले की उठवायला दोन माणसं लागतात आणि गुरुवारी दुपारी घरात मी एकटीच असते.)

वि. वि. तुमची कंबर आता कशी आहे? मदर सुपीरियरचा दमा उतरला का? शाळेच्या वर्गात अजून पावसाचं पाणी गळतं, की बिशपसाहेबांनी शेवटी छपराकडे मान वर करून पाहिलं? इकडे सर्व क्षेम आहे. कोंबड्या अंडी देत आहेत, बटाटे बरे आलेत. पत्र लिहायला तसं काही कारण नाही, मला काही मागायचंही नाही, सहज आठवण झाली म्हणून लिहायला बसले. हे पत्र मी चालत जाऊन शेजारच्या कॅरिगडफ गावच्या पेटीत टाकणार आहे. तसं का, असं तुम्ही विचाराल. आमच्या पेटीतलं प्रत्येक पाकीट तुमच्या भावाच्या हातून जातं, आणि ट्रलीच्या तुमच्या कॉन्व्हेंटचा पत्ता दिसला की त्यांचा चेहरा शाळेत खोडी करून पकडलेल्या मुलासारखा होतो. आई गेल्यावर तुम्हीच त्यांना वाढवलंत. साऱ्या आयर्लंडात ते ऐकतात ते फक्त तुमचं. पोस्टमास्तरांचं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत, माझं तर ऐकूही येत नाही.

तर फुटबॉलचं. तुम्हाला वाटत असेल की बॅलीकोर रोव्हर्सचा निरोप घेऊन तुमचा फिनबार आता सुखाने घरी बसला असेल. निरोप घेतला हे खरं आहे, वन्सं. तीनदा घेतला. अठराव्या वर्षी हा माणूस बचावात उभा राहिला तो बेचाळिशीपर्यंत तिथून हलला नाही. (हलला नाही हे पुढे पुढे शब्दशः खरं झालं. समोरचा गडी पळत यायचा आणि यांना वळसा घालून जायचा, जसा रस्ता चर्चला वळसा घालतो.) पहिल्या निरोपाच्या वेळी गुडघ्याचा फोटो काढला होता. तो बघून डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी शेजारच्या डॉक्टरांना हाक मारली आणि दोघांनी मिळून तो उजेडात धरून कौतुकाने पाहिला. मग मॉसी क्रेमिनने समारंभ केला. मॉसी म्हणजे आमचा खाटीक. संघ तोच चालवतो आणि दोन्हीकडे त्याला हाडांची चांगली पारख आहे. बँड वाजला, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, हे रडले, मी रडले. महिना झाला नाही तोच यांच्या जागी घेतलेल्या पोराचं अपेंडिक्स निघालं आणि हे मैदानावर परत.

दुसऱ्या निरोपाला आरामखुर्ची मिळाली. त्या खुर्चीत हे एकदाच बसले, बुटाच्या नाड्या बांधायला. तिसऱ्या निरोपाला बँडवाले आलेच नाहीत. त्यांचा पुढारी म्हणाला, "मॉसी, आमच्या सुरात आता दुःख उरलेलं नाही." मॉसीने मेंढीची एक भाजलेली तंगडी दिली. रविवारी आम्ही ती खाल्ली आणि त्याच रविवारी हे पुन्हा खेळले, म्हणजे निरोपाची भेट पचायच्या आत.

शेवटी संघाच्या मंडळींनी फादर अल्टन यांना आमच्या घरी धाडलं. फादर नवे आहेत, तरुण आहेत, फार गोड बोलतात. त्यांनी चहा घेतला, सोडा ब्रेडचे तीन तुकडे लोणी लावून खाल्ले आणि मग घसा खाकरून म्हणाले, "फिनबार, प्रत्येक गोष्टीला एक वेळ असते." हे म्हणाले, "अगदी बरोबर, फादर. तुमची उंची किती?" तासाभराने फादर आमच्या दारातून बाहेर पडले तेव्हा ते बॅलीकोर रोव्हर्सचे गोलरक्षक झालेले होते. काय झालं ते त्यांनाही नीटसं कळलेलं नव्हतं. फाटकापाशी थांबून मला म्हणाले, "नोरीन, मी त्यांना थांबवायला आलो होतो ना?"

हे थांबत का नाहीत ते मला त्याच रात्री भांडी पुसताना कळलं. मी चिडून विचारलं, "अहो, अजून काय राहिलंय तुमचं त्या मैदानावर? दात?" यांनी पुसलेली बशीच पुन्हा पुसली. मग म्हणाले, "नोरीन, एकदा जाळं हलवायचंय. समोरचं."

वन्सं, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत या माणसाने एकही गोल केलेला नाही. म्हणजे तीन केलेत, पण आपल्याच जाळ्यात. (त्यातला एक इतका देखणा होता की समोरच्या संघाने यांना खांद्यावर घेतलं होतं.) मी हातातलं फडकं खाली ठेवलं. हसू आलं, पण ते मी ओठांतच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मॉसीच्या दुकानात जाऊन, कुणी गिऱ्हाईक नाही असं बघून मी त्याला सगळं सांगितलं. त्याने सुरा खाली ठेवला, टोपी काढली आणि म्हणाला, "एक गोल दिला की थांबेल?" मी म्हटलं, "थांबेल." "मग देऊ."

चौथा निरोप म्हणून कॅरिगडफबरोबरचा सामना ठरला. त्याच्या निकालाने कुणाचं काही वर-खाली होणार नव्हतं. मॉसी त्यांच्या मंडळींना भेटला, ती आनंदाने तयार झाली. त्यांचा गोलरक्षक जेरोम डेअरीत कामाला आहे. त्याच्या आईला अमेरिकेतल्या लेकीची पत्रं तुमचे बंधूच नेऊन देतात, आणि तिला दिसत नाही म्हणून वाचूनही दाखवतात. जेरोम म्हणाला, "फिनबारसाठी मी जाळ्यात झोपून राहीन." ठरलं असं की शेवटच्या मिनिटांत त्यांच्या एका गड्याने आपल्याच गोलासमोर चेंडू हाताने धरायचा, पेनल्टी मिळेल, ती फिनबारने मारायची. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दोघांना, तुमच्या भावाला आणि मॅलोहून आलेल्या पंचांना. पंच प्रामाणिक निघाले आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटोपल्यावर सगळं गाव नदीकाठच्या मैदानावर आलं. तुम्हाला आठवतं ना, ते मैदान एका बाजूला किती उतरतं? उत्तरार्धात आपला गोल उताराच्या तळाशी होता आणि वारा वरून खाली वाहत होता. शून्य-शून्यवर सामना संपत आला तेव्हा कॅरिगडफच्या गड्याने ठरल्याप्रमाणे चेंडू हातात धरला. पंच तेव्हा बुटाची नाडी बांधत होते. गडी थांबला, खाकरला. त्याने चेंडू खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि सरळ पंचांच्या हातात नेऊन दिला. पंच चक्रावले, पण शिट्टी वाजली.

"फिनबार," मॉसी ओरडला, "तू मार."

"मी?" हे म्हणाले. त्यांच्या तोंडावरचा भाव मी लग्नाच्या दिवशी पाहिला होता, त्यानंतर आत्ताच.

जेरोम दबक्या आवाजात म्हणाला, "मी डावीकडे पडतो रे. तू उजवीकडे टाक." आणि हे धावायला लागण्याआधीच तो डावीकडे जाऊन पडला, हाताची उशी करून. सगळा गोल मोकळा. हे धावले, लंगडत का होईना पण धावले, आणि चेंडू मारला. वन्सं, काय मारला. गोलावरून, कुंपणावरून, रस्त्यावरून, थेट पलीकडच्या झाडीत. नंतर हे म्हणाले, "गोलासमोर चेंडू दिसला की पाय आपोआप लांब मारतो, मी काय करू?" आता मी तुम्हाला बोल लावत नाही, पण लहानपणी परसात "फिनबार, खिडकीपासून लांब मार" असं त्यांना कोण बजावत असे, ते तुम्हीच आठवून पाहा.

पंच म्हणाले, गोलरक्षक आधीच हलला (हलला कसला, निजला होता), पेनल्टी पुन्हा. दुसरा चेंडू आला. जेरोमला ताकीद मिळाली की जागा सोडायची नाही. या खेपेला यांनी डोळे मिटून मारला. चेंडू जेरोमच्या रोखाने निघाला. जेरोम बिचारा चुकवायला उजवीकडे सरकला तर चेंडूही वाऱ्याने तिकडेच वळला आणि त्याच्या पार्श्वभागावर आदळून परत आला. आयुष्यात जेरोमने इतका अचूक चेंडू अडवलेला नाही. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "फिनबार, आईची शपथ, मुद्दाम नाही."

चेंडू आता यांच्या पायाशी होता. समोर मोकळं जाळं, हात लांब केला तर शिवेल इतकं जवळ. गाव कुंपणाला टेकून उभं. आणि मागून कॅरिगडफचा एक मुलगा, ज्याला बेत सांगायचा राहून गेला होता, चेंडू हिसकायला धावत आला. त्याची पावलं ऐकली मात्र, तुमच्या भावाने चोवीस वर्षं जे केलं तेच केलं. वळले आणि चेंडू सुरक्षित मागे आपल्या गोलरक्षकाकडे दिला. जोरात.

गोलरक्षक जागेवर नव्हते. फादर अल्टन हा क्षण जवळून पाहावा म्हणून मैदानाच्या मध्यापर्यंत आले होते, हात जोडून. चेंडू त्यांच्या बाजूने गेला. फादर वळले. फादर धावले. चेंडूला उतार मिळाला, मागून वारा मिळाला. फादर पडले. चेंडू कुणाच्याही मदतीशिवाय घरंगळत, अगदी सवडीने, आपल्या जाळ्यात जाऊन निजला. पंचांनी गोल दिला आणि लगेच सामना संपल्याची शिट्टी वाजवली. मला वाटतं त्यांना घरी जायचं होतं.

मॉसीने टोपी डोळ्यांवर ओढली. हे जिथे होते तिथेच गवतावर बसले. मी कुंपणाखालून वाकून आत गेले आणि यांच्या शेजारी बसले. (माझ्या रविवारच्या स्कर्टचं काय झालं ते विचारू नका.) यांचे खांदे हलत होते. मी म्हटलं, "अहो, जाऊ द्या." यांनी तोंड वर केलं तर हसत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हणाले, "नोरीन, कुठून कुठे गेला बघ तो. इतक्या लांबून आजवर कुणी मारला असेल का?" "नसेल," मी म्हटलं. "जाळं हललं ना?" "हललं." "मग पुरे झालं," हे म्हणाले. आणि मग आधी कॅरिगडफच्या लोकांनी, नंतर आपल्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, त्या आम्ही दोघे, मॉसी आणि जेरोम मिळून यांना उठवेपर्यंत चालू होत्या. बोलावलं नसताना बँडही कुठूनसा आला.

तर वन्सं, हे आता कायमचे घरी आहेत, तृप्त आहेत, तुम्ही मुळीच काळजी करू नका. कळावे. लोभ आहेच, तो थोडा शिलकीत ठेवा, मला लवकरच लागेल.

तुमची भावजय,
नोरीन

ता.क. पत्र बंद करता करता आठवलं म्हणून लिहिते. फादर म्हणत होते, तुमच्या शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवायला कुणी माणूस हवा आहे. हे फार चांगलं शिकवतील. सोमवार ते शनिवार तिकडेच राहिले तरी माझी हरकत नाही. पोस्टातून रजा मी मिळवते. गेला आठवडाभर हे माझा बचाव करताहेत. मी चुलीकडे निघाले की हे मध्ये उभे. जिना उतरताना मागून ओरडतात, "जागा सोडू नकोस." काल शेजारीण साखर मागायला आली तर तिला दारातच अडवून कोपऱ्यात नेलं. ती रिकाम्या वाटीने परत गेली. तुम्ही दोन ओळींचं पत्र टाकलंत तर ते मिळताच हे निघतील. यासाठी मी पत्र लिहिलं असं समजू नका.

ता.क. दुसरा (रविवार). वरचं रद्द समजा, पत्र टाकायचं राहिलं होतं. आज कॅरिगडफहून दोन गाड्या भरून माणसं सामना बघायला आली. "तो कुठे आहे?" असं विचारलं आणि यांचं नाव खेळाडूंत नाही कळल्यावर परत गाडीत बसायला लागली. मॉसी धावत आमच्या दारात आला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, "नोरीन, पाचवा निरोप जरा धूमधडाक्यात करू, पण आज तेवढा सोड त्याला." मी काही म्हणायच्या आत हे फाटकाबाहेर होते.

ता.क. तिसरा. पण वन्सं, यांच्यासाठी म्हणून जी खोली काढाल ती मोडू नका. मी येते. पुढच्या सोमवारी सकाळच्या बसने निघेन, चार दिवस तुमच्या बागेत गप्प बसेन, कुणी माझा बचाव करणार नाही. फक्त रविवारी मिस्साच्या आत मला परत पोचायला हवं. कोर्कमाऊंटशी सामना आहे, आणि मी कुंपणापाशी उभी नसले तर ह्यांना कुठल्या बाजूला उभं राहायचं ते कळत नाही.